चेखवचा फौजदार आणि त्याचा ओव्हरकोट

अंतोन चेखवची ‘सरडा’ ही कथा १८८४ची. जेमतेम तीन-चार पानांची, पण दुतोंडी माणूस कसा रंगवावा हे शिकायचं तर आधी हीच वाचावी!

बाजारात ख्र्यूकिन नावाच्या सोनाराच्या बोटाला कुत्र्याचं पिल्लू चावतं. फौजदार ओचुमेलोव गरजतो, मालकाला दंड करतो, कुत्र्याला मारून टाका! तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी म्हणतं, हे जनरलसाहेबांचं दिसतंय. झालं, आता दोष सोनाराचा. इवलंसं पिल्लू एवढ्या धिप्पाड माणसाच्या बोटापर्यंत पोचेलच कसं? पुढे मालक बदलेल तसा निकाल फिरत राहतो.

गंमत म्हणजे ओचुमेलोवच्या मनात काय चाललंय हे चेखव सांगतच नाही. सांगतो फक्त कोट. जनरलचं नाव निघताच फौजदाराला उकडतं, तो कोट काढायला लावतो. दुसऱ्यांदा तीच शंका आली की वारा झोंबतो, कोट पुन्हा अंगावर. घाबरल्याचा एक शब्द नाही!

माझ्या मते हा ढोंगी नाहीच. ढोंग्याला खरा चेहरा लपवावा लागतो. हा भर चौकात, सगळ्यांदेखत पलटतो आणि कुणालाच त्याचं नवल वाटत नाही. सोनारही काही कमी नाही. कायद्यापुढे सगळे सारखे म्हणता म्हणता आपला भाऊ पोलीस दलात असल्याचं तो हळूच सांगून घेतो. शेवटी पिल्लू जनरलच्या भावाचं निघतं. फौजदार त्याचे लाड करतो, सोनाराला दम देतो आणि गर्दी हसते ती सोनाराला.