बागुलबुवा येतो कुठून, जातो कसा?

लहान मुलांच्या भीतीविषयी विचारणारी पत्रे या सदराकडे वारंवार येतात. गावे वेगळी असली तरी तक्रार साधारण एकच असते. चार वर्षांचा मुलगा दिवेलागण झाली की आईचा पदर सोडत नाही, मोरीपर्यंतही एकटा जात नाही, खाटेखाली कोणीतरी बसले आहे असे म्हणतो, रात्री किंचाळून उठतो. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला, ताईतही बांधून झाला, पण गुण नाही. आता काय करावे? आज या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करू.

पालकांनी प्रथम हे लक्षात घ्यावे की भीती हा आजार नव्हे. ती निसर्गाने दिलेली राखण आहे. भीती वाटली की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घाम येतो. शरीर पळायला किंवा तोंड द्यायला तयार होते. खाटेखाली बुवा नसतो हे खरे. पण मुलाची धडधड खरी असते. म्हणून ‘काही नाही, झोप मुकाट्याने’ एवढे म्हणून भागत नाही.

वयाप्रमाणे भीती बदलते

तान्हे मूल मोठ्या आवाजाला दचकते. आठ-नऊ महिन्यांचे मूल परक्या माणसाकडे जाताना रडते, कारण आपले कोण आणि परके कोण हे त्याला नुकतेच कळू लागलेले असते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला अंधाराची, कुत्र्याची, गडगडाटाची भीती वाटते. तीन ते सहा ही बागुलबुवाची वर्षे. या वयात कल्पनाशक्ती जोरात वाढते, पण मनातले आणि बाहेरचे यातली रेघ अजून पक्की नसते. काठीचा घोडा करून तासभर दौडणारे मूल दोरीवरच्या सदऱ्याचे भूतही तितक्याच सहज करते. रावेर-यावलकडे रात्री वारा सुटला की केळीची फाटकी पाने फडफडतात. त्यात एखाद्या मुलाला पावले ऐकू आली तर नवल नाही. सात-आठ वर्षांनंतर बुवा मागे पडतो आणि चोर, अपघात, आईबापांचे मरण अशा भीती पुढे येतात. बहुतेक मुलांची बागुलबुवाची भीती वयाबरोबर आपोआप ओसरते. आपण खतपाणी घातले तर मात्र ती रेंगाळते.

आपणच पेरलेली भीती

हे खतपाणी घरातच घातले जाते. घास संपत नाही, ‘बुवाला बोलावू का?’ झोप येत नाही, ‘हाऊ आला बघ!’ दुपारी अंगणाबाहेर जातो, ‘झोळीवाला बाबा पोतडीत घालून नेईल.’ मूल तेवढ्यापुरते ऐकते, म्हणून आपल्याला उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पण दुपारी घाबरवलेले मूल रात्री झोपत नाही, आणि मग त्याच आईला रात्रभर त्याला कुशीत घेऊन बसावे लागते.

माझ्या दवाखान्यात एका खेड्यातून एक आई आली होती. म्हणाली, “डाक्टरसाहेब, पोऱ्या अंगणवाडीमा जात नही. रातले दचकीसन उठस.” मूल तपासले, प्रकृती ठणठणीत. विचारता विचारता कळले की अंगणवाडीच्या वाटेवर एक भंगारवाला गोणी घेऊन फिरतो आणि घरात सगळे याला गोणीवाल्या बाबाचे भय घालत. मुलाच्या दृष्टीने त्या गोणीत मुले होती. औषध काय देणार? आईला सांगितले, आधी घरातले भय घालणे बंद करा. मग रोज मुलाला कडेवर घेऊन ओट्यावरून तो भंगार कसे मोजतो ते दाखवा. आठवड्याने थोडे जवळ जा. नंतर घरातली एक फुटकी बादली मुलाच्या देखत त्याला विका आणि त्या पैशांचा खाऊ घ्या. तीन आठवड्यांनी मूल स्वतः रिकाम्या बाटल्या गोळा करू लागले.

झोळीवाल्याचे भय घालणे ही किरकोळ गोष्ट वाटते. पण आपल्याच धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी, रविवारच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, काय घडले ते आठवावे. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना त्या संशयावरून जमावाने मारून टाकले. ती माणसे निरपराध होती. लहानपणी ऐकलेल्या बुवामुळेच हे झाले असे मी म्हणणार नाही. अशा घटनेला अनेक कारणे असतात. पण परका, फाटका, झोळीवाला माणूस म्हणजे पोरे धरणारा, हे समीकरण आपल्याकडे पाळण्यापासून शिकवले जाते, हे नाकारता येणार नाही. मुलाला झोपवण्यासाठी ज्याचे नाव आपण घेतो, तो कोणा दुसऱ्या मुलाचा बाप असतो.

मग मुलाला सावध कसे करावे? भय न घालता नियम शिकवावा. ‘आईला किंवा आजीला सांगितल्याशिवाय कोणाबरोबरही जायचे नाही, ओळखीच्या माणसाबरोबरसुद्धा नाही.’ हा नियम चार वर्षांच्या मुलाला समजतो आणि बागुलबुवापेक्षा अधिक राखण करतो.

पीटर आणि ससा

भीती घालवण्याचा मार्ग शास्त्राने तपासून पाहिला त्याला शंभर वर्षे झाली. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या भीतीवर केलेले काम 1924 साली प्रसिद्ध झाले. त्यांच्याकडे पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा होता. त्याला सशाची, पांढऱ्या उंदराची, पिसांची, कापसाचीसुद्धा भीती वाटे. बाईंनी पीटरला आवडीचा खाऊ देऊन खुर्चीत बसवले आणि पिंजऱ्यातला ससा खूप लांब ठेवला. पीटर बिचकणार नाही इतकाच तो दर वेळी पुढे आणला. ससा पाहून न घाबरणारी मुलेही त्याच्याबरोबर खेळायला ठेवली. शेवटी पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देऊ लागला.

जोन्सबाईंनी इतर उपायही करून पाहिले होते. नुसते समजावणे, चिडवणे, रागावणे, लक्ष दुसरीकडे वळवणे, भीतीची वस्तू नजरेआड ठेवून विसरण्याची वाट पाहणे. यांपैकी कोणताही उपाय खात्रीचा ठरला नाही. निःसंशय यश दोनच उपायांना आले. आवडत्या गोष्टीच्या सोबतीने भीतीच्या वस्तूची पायरीपायरीने ओळख, आणि न घाबरणाऱ्या मुलांची संगत.

घरी काय करावे

1. मूल काय म्हणते ते आधी शांतपणे ऐकावे. ‘तुला भीती वाटली ना? मी इथेच आहे,’ असे म्हणून जवळ घ्यावे. हसू नये, ‘मुलीसारखा रडतो’ असे हिणवू नये. पाहुण्यांसमोर हा विषय काढू नये.

2. टॉर्च मुलाच्या हाती देऊन त्याच्याबरोबर खाटेखाली पाहावे. तिथे काय आहे ते मोठ्याने म्हणावे: चप्पल, ट्रंक, चेंडू. पण काठी आपटून ‘पळवला बघ बुवाला!’ असे करू नये. पळवला म्हणजे तो होता, असाच अर्थ मूल घेते. आणि गेलेला परतही येऊ शकतो.

3. अंधाराशी ओळख उजेडात सुरू करावी. दिवसा आंधळी कोशिंबीर खेळावी. संध्याकाळी भिंतीवर हाताच्या सावल्यांचे हरीण, कुत्रा, पक्षी करावेत. सावली आपणच करतो आणि आपणच मोडतो, हे मुलाला कळले की निम्मे काम झाले. वीज गेली की ही संधी आयती मिळते. उन्हाळ्यात धाब्यावर झोपताना आकाशातल्या चांदण्या ओळखायला शिकवाव्यात. अंधार असल्यावरच त्या दिसतात.

4. पायऱ्या ठरवाव्यात. पहिले काही दिवस अंधाऱ्या खोलीच्या दाराशी मुलाचा हात धरून उभे राहावे. मग आपण दारात बोलत उभे राहून त्याला आतून वाटी आणायला सांगावे. मग आपण स्वयंपाकघरातूनच बोलत राहावे. प्रत्येक पायरीला शाबासकी आणि मूठभर गूळ-शेंगदाणे द्यावेत. मूल बिचकले तर एक पायरी मागे यावे. अंधाऱ्या खोलीत कोंडून ‘भीती मोडण्याचा’ प्रकार मात्र कधीही करू नये. त्याने भीती मोडत नाही, मुलाचा आपल्यावरचा विश्वास मोडतो.

5. झोपेची वेळ ठरलेली असावी. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून दहा ते तेरा तास झोप लागते. मंद दिवा ठेवायला हरकत नाही. 1995 साली सोनी वाहिनीवर ‘आहट’ सुरू झाली, तेव्हा उशीत तोंड लपवून ती पाहणारी मुले आज आईबाप झाली आहेत. आता त्यांच्या मुलांच्या हातात मोबाइल आहे आणि भुताचे चित्रण चोवीस तास मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये. निदान झोपण्याआधीचा तास तरी आजी-आजोबांच्या गोष्टींचा असावा, आणि त्या गोष्टीतला राक्षस शेवटी हरावा.

दचकून उठणे दोन प्रकारचे

वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडे पडते. मूल पूर्ण जागे होते, आईला बिलगते, स्वप्न सांगते. त्याला धीर द्यावा. दुसरा प्रकार निद्राभयाचा. झोप लागल्यावर एक ते तीन तासांत मूल एकदम किंचाळून उठून बसते, डोळे उघडे असतात, घामाने भिजते, पण आईलाही ओळखत नाही. काही मिनिटांत पुन्हा झोपते आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. हे पाहून घरातल्यांना ‘बाहेरचे लागले’ असे वाटते. ते तसे नाही. गाढ झोपेतून मेंदू अर्धवट जागा झाल्याने असे होते. ताप, जागरण किंवा प्रवासाच्या दगदगीने ते वाढते. अशा वेळी गदागदा हलवू नये, तोंडावर पाणी मारू नये. पडणार-लागणार नाही एवढे पाहावे. वय वाढते तसे हे थांबते. झोप यावी म्हणून खोकल्याचे औषध पाजणे धोक्याचे आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

भीती महिनाभर कमी होत नसेल, मूल खाणे-खेळणे सोडत असेल, अंगणवाडी-शाळा टाळत असेल किंवा अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले असेल तर दाखवावे. रात्री अंग आखडत असेल, झटके येत असतील, तोंडाला फेस येत असेल तर फिट्सची शंका घेऊन लगेच तपासून घ्यावे. आणि मूल एखाद्या ठरावीक माणसालाच घाबरत असेल, त्याच्याजवळ जायला नकार देत असेल, तर ‘हट्ट करतो’ म्हणून सोडून देऊ नये. मुलाने बुवाचे नाव घेतले तरी मागे खरा माणूस असू शकतो. त्याला जबरदस्ती न करता विचारावे आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा. अशा वेळी मुलांसाठी असलेल्या 1098 या क्रमांकावर फोन करता येतो.

धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. 14416 या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. तिथे जाणे म्हणजे मूल वेडे ठरणे नव्हे.

बागुलबुवाला घरातून घालवायचा असेल तर पहिला उपाय बिनखर्चाचा आहे आणि तो आज रात्रीपासूनच करता येतो: जेवताना किंवा झोपवताना घरातल्या कोणीही त्याचे नाव घ्यायचे नाही.