बोटावरच्या थेंबाची माहिती जाते कुठे?

सर्वेक्षणाच्या ताई दारात येतात, तासभर प्रश्न विचारतात, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि निघून जातात. मग आपल्या मनात येतं, आपण एवढं सांगितलं, त्याचं पुढं झालं काय?

आज आपण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाविषयी बोलू. १९९२-९३ पासून ठरावीक वर्षांनी हे होतं. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था त्याचं काम पाहते. त्यात १५ ते ४९ वयाच्या बायकांना बाळंतपण, आहार, आजारपण याबद्दल विचारतात. २०१९-२१ च्या फेरीपर्यंत रक्तातलं हिमोग्लोबिनही तपासत होते. आधी आपली संमती घ्यावी लागते. नको वाटलं तर नाही म्हणता येतं.

हे प्रत्येक घरी होत नाही. काही गावं आणि त्यांतली काही घरं निवडतात. भात शिजला का हे आपण शितावरून ओळखतो ना, तसंच.

नंतर ही माहिती नीट लावून, तपासून जपली जाते. अभ्यासकांना ती दिली जाते, पण त्यात तुमचं नाव नसतं, गावाचं नावही नसतं. म्हणजे माहिती सगळ्यांची झाली, तरी घरातली गोष्ट घरातच राहते. शिवाय जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे छापून सर्वांसाठी खुले केले जातात. सरकारी खर्चानं गोळा झालेली, गोपनीय नसलेली माहिती लोकांना मिळावी, असं केंद्र सरकारचं धोरणच आहे, २०१२ सालचं.

आपल्याला त्याचा उपयोग काय? एकच गोष्ट पाहा. २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रात १०० पैकी ४८ बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. २०१९-२१ च्या फेरीत त्या ५४ झाल्या. जुनी माहिती जपून ठेवली नसती, तर हे वाढलेलं दुखणं कळलंच नसतं. आपल्याला वाटतं, मलाच चक्कर येते, मलाच दम लागतो. आकडा सांगतो, हे निम्म्याहून जास्त जणींचं आहे. मग तो एकटीचा अशक्तपणा राहत नाही, गावाचा प्रश्न होतो.

तर बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. ग्रामपंचायतीच्या संगणकावरून आपल्या जिल्ह्याचा तक्ता काढून घ्या. गटातली शिकलेली मुलगी तो वाचून दाखवील. पण तो आकडा जिल्ह्याचा आहे, गावाचा नाही, हे विसरू नका. गावाचं चित्र कळायला आरोग्य उपकेंद्रात विचारा: किती जणींची तपासणी झाली, किती जणींचं रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या किती जणींना मिळाल्या? नावं मागू नका, फक्त बेरीज मागा. कुणाचं दुखणं चारचौघांत जायला नको.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हे दोन्ही कागद तिथं मांडा आणि गोळ्या व तपासणीचा ठराव करून घ्या.

थेंब आपला होता, मैत्रिणींनो. त्याचा हिशेब विचारायचा हक्कही आपलाच आहे.