सहा गठ्ठे आणि परस्परांवरील विश्वास

“संबंधित लिपिक रजेवर आहेत, सोमवारी या.” शासकीय कार्यालयात हे वाक्य ऐकले नाही, असा नागरिक विरळा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली अर्ज केलेल्या एखाद्या वृद्धेला या एका वाक्यासाठी एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी मोजावी लागते. वस्तुतः तिचा कागद कार्यालयातच असतो. परंतु तो कोठे आहे, हे एकाच व्यक्तीला ठाऊक असते. शेजारच्या टेबलावरील सहकारी मदत करू इच्छित असूनही असहाय असतो.

परस्परांवरील विश्वास भाषणांनी निर्माण होत नाही. आपले काम सहकाऱ्यांना दिसेल, समजेल आणि प्रसंगी पुढे नेता येईल अशा रीतीने ठेवण्याच्या सवयीतून तो दृढ होतो. या दृष्टीने अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याचे उदाहरण बोधप्रद आहे. 1980 च्या दशकात तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामकाजाची पुनर्रचना केली. ती पुढे ‘लखिना पॅटर्न’ या नावाने सर्वदूर परिचित झाली.

सहा गठ्ठ्यांची पद्धत

या कार्यपद्धतीशी निगडित असलेली सहा गठ्ठे पद्धत अत्यंत साधी आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याने आपले दप्तर सहा भागांत लावावयाचे असते : कार्यवाही करावयाची प्रलंबित प्रकरणे, अन्य कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठराविक मुदतीत पाठवावयाची नियतकालिके, शासनाच्या आदेशांची स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि मुदत संपल्यावर नष्ट करावयाचे कागद.

याचा परिणाम केवळ टेबल नीटनेटके दिसण्यापुरता नाही. कर्मचारी रजेवर गेला, तरी सहकाऱ्याला हवा तो कागद सापडतो. बदली झाल्यास नव्या माणसाला कार्यभार समजून घेणे सुलभ होते. काम कोठे अडले आहे, हे वरिष्ठांना दप्तर पाहूनच कळते. त्यासाठी कोणावर संशय घ्यावा लागत नाही.

वरिष्ठांची जबाबदारी

मात्र तपासणीच्या आदल्या रात्री बांधलेले गठ्ठे निरुपयोगीच होत. आलेल्या प्रत्येक पत्राची कार्यविवरण नोंदवहीत नोंद आणि दर आठवड्यास तिचा गोषवारा, हा नेम अखंड चालला पाहिजे. गोषवारा पाहताना अधिकाऱ्याने प्रथम अडचण विचारावी, दोष नंतर पाहावा. प्रलंबित प्रकरण दाखविल्याबरोबर ठपका येणार असेल, तर कर्मचारी ते दडवू लागतो आणि विश्वासाचा पायाच ढासळतो. महाराष्ट्रात 2005 च्या अधिनियमाने कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहू नये, असे बंधन घातले आहे. मुदत कायदा घालून देतो. ती पाळण्याचे बळ मात्र एकमेकांच्या साहाय्यातूनच येते. नस्ती संगणकावर आली, तरी हे सूत्र बदलत नाही.

शाळा आणि ग्रामपंचायत

हेच तत्त्व अन्यत्रही लागू पडते. ग्रामपंचायतीच्या बैठकीत ठराव होतो. पण काम कोणी व कोणत्या तारखेपर्यंत करावयाचे, हे लिहिलेले नसेल, तर पुढील बैठक आरोप-प्रत्यारोपांतच संपते. नाव आणि तारीख इतिवृत्तात नोंदवावी आणि पुढील बैठकीचा प्रारंभ त्याच नोंदीच्या वाचनाने करावा. शाळेतही एका शिक्षकाने वर्गात कोणता भाग शिकवून झाला याची नोंद ठेवली, तर त्याच्या गैरहजेरीत दुसरा शिक्षक तेथूनच पुढे जाऊ शकतो. मुलांचा दिवस वाया जात नाही.

‘गाव करी ते राव न करी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. गावाचे हे सामर्थ्य अशा लहानसहान नित्यनेमांतूनच उभे राहते. आपण उद्या रजेवर गेलो, तर दाराशी आलेल्या वृद्धेला तिचा कागद मिळेल काय, हा प्रश्न प्रत्येकाने आज कार्यालय सोडण्यापूर्वी स्वतःस विचारावा. त्याचे उत्तर ‘होय’ असेल, तर विश्वासाची पहिली पायरी आपण चढलो, असे समजावयास हरकत नाही.