मूत्राची सूक्ष्मदर्शकीय परीक्षा

मूत्रात निलंबित (तरंगत्या) स्थितीत असलेल्या कोशिका, दंडगोल, स्फटिक, सूक्ष्मजंतू इ. घन घटकांची सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केलेली पाहणी म्हणजे मूत्राची सूक्ष्मदर्शकीय परीक्षा होय. मूत्राचा रंग, विशिष्ट गुरुत्व, त्यातील प्रथिन, शर्करा इत्यादींची तपासणी भौतिक व रासायनिक रीतींनी होते आणि तीवरून मूत्रात काय आहे ते कळते. घन घटकांच्या पाहणीवरून मात्र ते कोठून आले हेही पुष्कळदा सांगता येते. वृक्कापासून (मूत्रपिंडापासून) मूत्रमार्गाच्या मुखापर्यंतच्या वाटेवर रक्त कोठेही मिसळू शकते व रासायनिक परीक्षेत ते सर्वत्र सारखेच दिसते. ते वृक्कातील केशिकागुच्छांतून (रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पुंजक्यांतून) गळले की मूत्राशयातील खड्यामुळे आले, यावर पुढील सर्व उपचार अवलंबून असतात. या प्रश्नाचे पहिले उत्तर बहुधा मूत्राच्या एका थेंबातच मिळते.

इतिहास : मूत्रावरून रोगाचे अनुमान करण्याची प्रथा प्राचीन आहे. आयुर्वेदातील अष्टविध परीक्षेत मूत्राचा समावेश असून मूत्रावर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो हे पाहण्याची तैलबिंदू परीक्षा योगरत्नाकर या ग्रंथात वर्णिली आहे. सूक्ष्मदर्शकाचा वापर यूरोपात सुरू झाला. सु. १६३० मध्ये पेरेस्क या फ्रेंच विद्वानांनी मूत्रातील स्फटिक पाहून ते समांतरभुज विटांच्या ढिगासारखे दिसतात असे नमूद केले. परंतु ही नित्याची वैद्यकीय परीक्षा होण्यास आणखी दोन शतके जावी लागली. पॅरिसमधील वैद्य प्येअर रेये व त्यांचे शिष्य अझेन व्हिग्ला यांनी १८३०–४० या दशकात रुग्णालयातील रुग्णांच्या मूत्राची पद्धतशीर पाहणी केली. जर्मन शारीरविज्ञ याकोप हेन्ले यांनी १८४० नंतरच्या काही वर्षांत मूत्रातील दंडगोल वृक्कातील नलिकांत तयार होतात हे दाखविले. विसाव्या शतकात टॉमस ॲडिस यांनी बारा तासांच्या मूत्रातील कोशिका व दंडगोल मोजण्याची रीत प्रचारात आणली.

नमुना व त्याची तयारी : या परीक्षेत होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा चुका सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच झालेल्या असतात. सकाळचे पहिले मूत्र संहत (दाट) व अम्लधर्मी असल्याने त्यात कोशिका व दंडगोल चांगले टिकतात, म्हणून ते पसंत करतात. सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेचे मूत्र स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्यावे लागते. नमुना दोन तासांच्या आत तपासणे इष्ट असते. तो उन्हाळ्याच्या दिवसात तसाच पडून राहिल्यास सूक्ष्मजंतू वाढतात, यूरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो व मूत्र क्षारधर्मी बनते. अशा मूत्रात दंडगोल विरघळतात, तांबड्या कोशिका फुटतात आणि मुळात नसलेले फॉस्फेटांचे स्फटिक दिसू लागतात. नमुना शीतकपाटात ठेवल्यास हा बदल लांबतो. परंतु थंडीमुळे यूरेटांचा अवक्षेप (न विरघळणारा साका) बनतो व त्याच्या दाटीत बाकीचे घटक झाकले जातात.

सामान्यतः १० ते १२ मिलि. मूत्र शंक्वाकार परीक्षानलिकेत घेऊन केंद्रोत्सारकात (जलद फिरवून जड कण तळाशी बसविणाऱ्या यंत्रात) सु. पाच मिनिटे मध्यम वेगाने फिरवितात. वरचा द्रव ओतून टाकून तळाशी उरलेला अर्धा ते एक मिलि. साका हलक्या हाताने ढवळतात व त्याचा थेंब काचपट्टीवर ठेवून त्यावर आच्छादक काच बसवितात. सूक्ष्मदर्शकाचा संकेंद्रक खाली घेऊन प्रकाश मंद करणे ही पुढील महत्त्वाची पायरी होय. प्रखर उजेडात पारदर्शक दंडगोल जवळजवळ अदृश्य होतात आणि नवशिक्या तपासनिसाकडून ते हटकून निसटतात. प्रथम कमी शक्तीच्या वस्तुभिंगाने संपूर्ण काच, विशेषतः तिच्या कडा, पाहतात. कारण दंडगोल कडांकडे सरकतात. नंतर उच्च शक्तीच्या वस्तुभिंगाने अनेक क्षेत्रे पाहून कोशिका मोजतात आणि प्रत्येक क्षेत्रातील सरासरी संख्या नोंदवितात.

कोशिका : तांबड्या कोशिका सु. ७ मायक्रोमीटर व्यासाच्या, केंद्रक नसलेल्या, फिकट चकत्यांसारख्या दिसतात. निरोगी व्यक्तीच्या मूत्रात उच्च शक्तीच्या एका क्षेत्रात त्या दोन-तीनपर्यंत आढळू शकतात. मूत्र संहत असल्यास त्या आक्रसून काटेरी होतात; विरल असल्यास फुगून त्यांतील रक्तारुण (हीमोग्लोबिन) बाहेर पडते व नुसते पुसट कडे उरते. यीस्टच्या कोशिका, तेलाचे थेंब, हवेचे बुडबुडे व कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे लंबगोल स्फटिक यांच्याशी त्यांची गल्लत होते. यीस्टच्या कोशिका आकारमानाने असमान असतात व त्यांना कळ्या फुटलेल्या दिसतात. विरल ॲसिटिक अम्लाचा थेंब टाकला असता तांबड्या कोशिका विरघळतात व यीस्ट तसेच राहते, ही साधी कसोटी खात्रीची आहे.

तांबड्या कोशिकांच्या आकाराला १९७९ मध्ये नवे महत्त्व आले. ऑस्ट्रेलियातील बर्च व फेअरली यांनी प्रावस्था-विरोध सूक्ष्मदर्शकाखाली (पारदर्शक वस्तूंतील सूक्ष्म भेद उजेड-अंधाराच्या रूपात दाखविणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) पाहून दाखविले की, केशिकागुच्छांतून आलेल्या कोशिका वेड्यावाकड्या व नाना आकारांच्या असतात, तर मूत्रवाहिनी वा मूत्राशयातून आलेल्या कोशिका बहुतेक एकसारख्या असतात. कड्यासारख्या कोशिकेला बाहेरच्या बाजूस फुगवटे आलेले असल्यास ते केशिकागुच्छांच्या विकाराचे विशेष बोलके चिन्ह मानतात. लाल मूत्र होणाऱ्या दोन रुग्णांपैकी एकाला खड्यासाठी क्ष-किरण व श्राव्यातीत तपासणीकडे आणि दुसऱ्याला वृक्काच्या ऊतक-परीक्षेकडे पाठविण्याचा निर्णय या भेदावर घेता येतो.

पांढऱ्या कोशिका अधिक मोठ्या (१० ते १२ मायक्रोमीटर), कणीदार व खंडयुक्त केंद्रक असलेल्या असतात. प्रयोगशाळांच्या अहवालांत त्यांना 'पू कोशिका' म्हणतात. क्षेत्रात पाचांपेक्षा अधिक असल्यास बहुधा जंतुसंसर्ग असतो. मात्र पू कोशिका भरपूर असून नेहमीच्या संवर्धनात जंतू वाढत नसतील, तर आपल्या देशात वृक्काच्या क्षयरोगाची आठवण ठेवलीच पाहिजे. कारण क्षयाचे जंतू नेहमीच्या संवर्धन माध्यमात वाढत नाहीत.

उपकला कोशिकांपैकी (आतील अस्तराच्या कोशिकांपैकी) मोठ्या, चपट्या, लहान केंद्रकाच्या कोशिका मूत्रमार्गाच्या टोकाकडून वा योनिमार्गातून येतात. त्या फार असल्या तर नमुना नीट घेतला गेला नाही एवढाच बोध घ्यावा. याउलट वृक्क-नलिकांच्या अस्तराच्या, पांढऱ्या कोशिकेहून किंचित मोठ्या व ठळक गोल केंद्रकाच्या कोशिका थोड्याही आढळल्या तरी त्या नलिकांना इजा झाल्याचे दर्शवितात. त्या वसेच्या थेंबांनी भरलेल्या असल्यास ध्रुवित प्रकाशात प्रत्येक थेंबात तेजस्वी क्रूसाची आकृती उमटते. मूत्रातून प्रथिन मोठ्या प्रमाणात वाहून जाऊन अंगावर सूज येणाऱ्या विकारात हे दृश्य दिसते.

दंडगोल : वृक्क-नलिकेच्या पोकळीत प्रथिन घट्ट होऊन साच्यात ओतलेल्या मेणबत्तीप्रमाणे नलिकेच्याच आकाराचे जे दंडगोल बनतात त्यांना प्रयोगशाळांतील व्यवहारात 'कास्ट' म्हणतात. त्यांच्या बाजू समांतर व टोके बहुधा गोलसर असतात. त्यांचे मूलद्रव्य टॅम व हॉर्सफॉल यांनी १९५० मध्ये वेगळे केलेले प्रथिन होय. वृक्क-नलिकेच्या ज्या वळणाला हेन्ले यांचेच नाव दिलेले आहे, त्याच्या चढत्या जाड भागातील कोशिका ते स्रवतात. मूत्राचा प्रवाह मंद, मूत्र संहत व अम्लधर्मी असताना ते नलिकेच्या दूरच्या भागात व संग्राहक नलिकांत घट्ट होते. घट्ट होताना त्या ठिकाणी ज्या कोशिका वा कण असतील ते त्यात अडकतात. म्हणूनच साक्यातील सर्व घटकांत दंडगोलाची साक्ष सर्वांत विश्वसनीय ठरते. सुटी कोशिका कोठूनही आलेली असू शकते. दंडगोलात अडकलेली कोशिका वृक्कातूनच आलेली असते.

केवळ प्रथिनाचा पारदर्शक दंडगोल निरोगी माणसातही कडक व्यायामानंतर, तापात किंवा उन्हात कष्ट करून शरीरातील पाणी कमी झाल्यावर दिसतो व त्याला फारसा अर्थ नसतो. तांबड्या कोशिकांनी भरलेल्या पिवळसर-तपकिरी दंडगोलाचे तसे नाही. घसा दुखल्यानंतर किंवा खरूज चिघळल्यानंतर काही दिवसांनी मुलाचा चेहरा सुजतो आणि मूत्र काळ्या चहासारखे होते. अशा मुलाच्या साक्यात असा एक जरी दंडगोल सापडला तरी केशिकागुच्छांच्या शोथाचे (दाहयुक्त सुजेचे) निदान जवळजवळ निश्चित होते. मुलांमधील हा विकार बहुधा पूर्ण बरा होतो. परंतु प्रौढांमधील याच्या शीघ्रगती प्रकारात काही आठवड्यांतच वृक्के कायमची निकामी होऊ शकतात आणि उपचारांचा उपयोग होण्याचा काळ तेवढाच असतो. असे दंडगोल ठिसूळ असतात. शिळ्या नमुन्यात ते मोडून जातात व अहवालात केवळ 'तांबड्या कोशिका पुष्कळ' एवढाच शेरा उरतो.

पांढऱ्या कोशिकांचे दंडगोल असल्यास जंतुसंसर्ग मूत्राशयापुरता मर्यादित नसून वृक्कापर्यंत पोहोचला आहे किंवा वृक्काच्या आंतरालीय ऊतकात शोथ आहे, असे समजतात. कोशिकांचे विघटन होऊन कणीदार दंडगोल बनतात. तीव्र हगवण-वांत्यांनंतर मूत्र कमी झालेल्या रुग्णात त्यांचा मोठा उपयोग होतो. अशा रुग्णाच्या रक्तातील यूरिया दोन कारणांनी वाढलेला असतो : एक तर शरीरात पाणी कमी पडले असून वृक्के शाबूत असतात, किंवा रक्तपुरवठ्याअभावी नलिकांच्या कोशिका मृत झालेल्या असतात. पहिल्या स्थितीत साका रिकामा किंवा पारदर्शक दंडगोलांचा असतो व शिरेवाटे द्रव दिल्याने मूत्र सुरू होते. दुसऱ्या स्थितीत गढूळ तपकिरी रंगाचे भरड कणीदार दंडगोल व नलिकांच्या सुट्या कोशिका दिसतात. तेथे द्रव देत राहिल्यास तो शरीरात साठून फुप्फुसांत पाणी होण्याचा धोका असतो. दीर्घकाळ अडकून राहिलेला दंडगोल मेणासारखा, ठळक कडांचा व खाचा पडलेला होतो. तो रुंदही असल्यास फुगलेल्या, कार्यहीन नलिकांत घडलेला असतो व जीर्ण वृक्क-निष्फलता दर्शवितो. कापसाचे धागे, श्लेष्म्याच्या तारा व काचेवरील ओरखडे दंडगोलासारखे भासतात. पण त्यांना खऱ्या दंडगोलाची समांतर रेषा व गोल टोके क्वचितच असतात.

स्फटिक : स्फटिकांच्या सुबक आकृतींमुळे पाठ्यपुस्तकांत त्यांना मिळणारी जागा त्यांच्या वैद्यकीय महत्त्वाच्या मानाने बरीच जास्त आहे. बहुतेक स्फटिक मूत्र शरीराबाहेर थंड झाल्यावर तयार होतात. अम्लधर्मी मूत्रात यूरिक अम्लाचे पिवळट-तपकिरी समभुज वा गुलाबपुष्पासारखे स्फटिक आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे पाकिटाच्या पाठीसारखे दिसणारे अष्टफलक आढळतात. थंड मूत्रात विटेच्या भुकटीसारखा गुलाबी साका बसला की तो रक्त समजून रुग्ण घाबरतो. तो यूरेटांचा असतो व मूत्र कोमट केल्यास विरघळतो. क्षारधर्मी मूत्रात मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटाचे शवपेटीच्या झाकणासारखे स्फटिक व अमोनियम यूरेटाचे धोतऱ्याच्या फळासारखे काटेरी गोळे दिसतात.

सिस्टिनाचे बिनरंगी, पातळ, षट्कोनी स्फटिक मात्र केव्हाही स्वाभाविक नसतात. वुलस्टन यांनी १८१० मध्ये मूत्राशयातील एका खड्यात हे द्रव्य शोधून काढले. ते आनुवंशिक विकाराचे चिन्ह असून त्या रुग्णांना तरुण वयापासून वारंवार खडे होतात. वेळीच ओळखल्यास भरपूर पाणी व मूत्र क्षारधर्मी ठेवणारी औषधे देऊन खड्यांना पुष्कळ आळा घालता येतो. टायरोसिनाच्या सुयांचे झुपके व ल्यूसिनाचे समकेंद्री रेषांचे गोळे यकृताच्या गंभीर विकारात क्वचित आढळतात. सल्फाडायाझीन, असायक्लोव्हिर यांसारख्या औषधांचे स्फटिक नलिका अडवू शकतात. मोटारगाडीच्या शीतकातील एथिलीन ग्लायकॉल पोटात गेल्यास ऑक्झॅलेटाचे सुईसारखे व लंबगोल स्फटिक विपुल दिसतात. बेशुद्ध रुग्णात विषबाधेचा पहिला सुगावा त्यांवरून लागू शकतो.

इतर घटक : जंतू, यीस्ट व ट्रायकोमोनास हा हालचाल करणारा आदिजीव साक्यात दिसतात. हत्तीरोगाच्या प्रदेशात दुधासारख्या पांढऱ्या मूत्रात क्वचित सूक्ष्म कृमी आढळतात. शिस्टोसोमा हीमॅटोबियम या कृमीची टोकाला काटा असलेली अंडी आफ्रिकेतील अनेक देशांत मूत्रातील रक्ताचे कारण म्हणून नित्य पाहावयास मिळतात. भारतात हा रोग सहसा आढळत नाही. तथापि रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे त्याचे स्थानिक केंद्र असल्याचे गाडगीळ व शाह यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले होते.

मर्यादा : रासायनिक पट्टी मूत्रात बुडवून रक्त व पांढऱ्या कोशिकांचा अंदाज क्षणात घेता येतो, परंतु पट्टीला दंडगोल दिसत नाहीत. पट्टी रक्त दाखविते आणि साक्यात तांबड्या कोशिका नाहीत, असे घडल्यास फुटलेल्या कोशिकांतील रक्तारुण किंवा चिरडलेल्या स्नायूंतील रंगद्रव्य मूत्रात उतरले असण्याची शक्यता असते. मोठ्या प्रयोगशाळांतील स्वयंचलित यंत्रे कोशिका अचूक मोजतात, पण दंडगोलांचे प्रकार व तांबड्या कोशिकांचे विकृत आकार ओळखण्यात ती अनुभवी डोळ्याच्या मागे आहेत. विरल व क्षारधर्मी मूत्रात, तसेच उशिरा तपासलेल्या नमुन्यात 'दंडगोल नाहीत' या शेऱ्याचा अर्थ ते दिसले नाहीत एवढाच होतो; वृक्कविकाराचा संशय असल्यास ताजे मूत्र घेऊन परीक्षा पुन्हा करावी लागते.