गोबर गॅस संयंत्र : शेणाचा हिशेब आधी

चुलीपायी होणारी वृक्षतोड थांबावी आणि हवेत जाणारा कर्बवायू घटावा, यासाठी गोबर गॅस संयंत्राची शिफारस केली जाते. ती रास्तच आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतरच्या दशकात या संयंत्राचा प्रसार केला. १९८१-८२ मध्ये केंद्र शासनाची राष्ट्रीय योजनाही सुरू झाली. तथापि बांधल्यावर थोड्याच काळात बंद पडलेली संयंत्रे पुष्कळ गावांत आढळतात. बांधण्यापूर्वी शेणाचा हिशेब केलेला नसतो, हे त्याचे एक मोठे कारण होय.

दोन घनमीटर क्षमतेच्या संयंत्रास दररोज सुमारे ५० किलो ताजे शेण आणि तितकेच पाणी लागते. एका मोठ्या जनावराचे शेण दिवसाला सरासरी १० किलो धरल्यास पाच जनावरे हवीत. परंतु जनावरे दिवसभर रानात चरत असतील, तर बरेचसे शेण रानातच पडते. म्हणून ग्रामसेवकाने गोठ्यात प्रत्यक्ष पडणारे शेण आठवडाभर तोलून पाहावे, आणि तेही वैशाखात. पावसाळ्यात भरलेला गोठा उन्हाळ्यात वैरणीअभावी रिता होतो. ज्या गावी पिण्याचे पाणी डोक्यावरून आणावे लागते, तेथे रोज ५० लिटर पाणी शेणात कालवा असे सांगणे व्यर्थ होय. शेण कमी भरल्यास एक घनमीटरचेच संयंत्र बांधावे. मोठी टाकी अर्धपोटी राहते.

शेण कालविण्याचे काम बहुधा घरातील स्त्रियांवर पडते. सबब जागा ठरविताना त्यांचे मत अवश्य घ्यावे.

थंडीत जिवाणूंचे काम मंदावते व गॅस कमी मिळतो. उन्हात तापविलेले पाणी वापरल्यास थोडा लाभ होतो. त्या दिवसांत आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटणारच. तेवढ्यावरून संयंत्र फसले असे मानू नये.

सर्वांत उपेक्षित बाब गळतीची. या गॅसमध्ये निम्म्याहून अधिक मिथेन असतो. तो शेगडीत जळला की त्याचा कर्बवायू होतो, आणि त्यातील कर्ब वैरणीने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. न जळता निसटलेला मिथेन मात्र, शंभर वर्षांच्या हिशेबाने, तितक्याच वजनाच्या कर्बवायूच्या सुमारे २७ पट उष्णता अडवितो. गळक्या संयंत्रापासून लाभाऐवजी हानी होण्याचा संभव असतो, तो यामुळे. घुमटाचा तडा, सैल तोटी व चिरलेली रबरी नळी प्रथम तपासावी. जोडांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे उठले की तेथे गळती आहे. काडी पेटवून गळती कदापि शोधू नये. ज्योत फडफडत असल्यास नळीत साचलेले पाणी काढावे.

शेण घालणे थांबविल्यावरही टाकीत काही आठवडे गॅस तयार होत राहतो. तो रोज शेगडीत जाळून संपवावा.