फोकानियापासून प्रशालेपर्यंत

पुणे, सातारा किंवा कोल्हापूर या भागांतील वाचकास हायस्कूल म्हटले की कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेचे नाव स्मरते. १८८० साली पुण्यात निघालेले न्यू इंग्लिश स्कूल असो की १९१९ साली भाऊराव पाटलांनी स्थापिलेली रयत शिक्षण संस्था असो, तिकडे माध्यमिक शिक्षणाचा भार मुख्यत्वे समाजातील ध्येयवादी मंडळींनी उचलला आणि सरकारने अनुदानापुरता हात दिला. मराठवाड्यात, आणि येथे ज्यांचा विचार करावयाचा आहे त्या नांदेड व लातूर जिल्ह्यांत, हा क्रम उलटा लागला. मुखेड-कंधारपासून औसा-निलंग्यापर्यंत तालुक्याच्या गावी जुन्या पिढीतील वकील, डॉक्टर, तलाठी किंवा आमदार यांच्यापैकी कोणासही त्यांच्या शाळेचे नाव विचारले, तर बहुधा जिल्हा परिषदेच्या प्रशालेचे नाव पुढे येते. प्राथमिक शाळा जिल्हा परिषद चालविते हे साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु दहावीपर्यंतचे वर्ग, प्रयोगशाळा, चित्रकलेचे शिक्षक आणि क्रीडांगण यांसह संपूर्ण हायस्कूलही जिल्हा परिषद चालविते, हे पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेल्या अधिकाऱ्यास प्रथम खरेच वाटत नाही.

या वेगळेपणाचे मूळ निजामाच्या राजवटीत आहे. हैदराबाद संस्थानात शिक्षण हे सरकारी खाते होते, आणि खात्याची शिस्त शाळेच्या नावापासूनच सुरू होई. प्राथमिक शाळा ती तहतानिया, मिडल स्कूल ते वस्तानिया आणि हायस्कूल ते फोकानिया. हेडमास्तरास सदर मुदर्रिस म्हणत. जिल्ह्याच्या शाळांची तपासणी करण्यास येणारा अधिकारी मोहतमीम तालीमात या भारदस्त हुद्द्याने ओळखला जाई, आणि त्याच्या दौऱ्याची वर्दी आली की शाळेच्या भिंती, हजेरीपट आणि मुलांच्या टोप्या एकदम स्वच्छ होत. पहिल्या काही इयत्ता मराठीतून शिकलेल्या मुलाला वस्तानियात गेल्यावर गणित, भूगोल व इतिहास उर्दूतून शिकावे लागत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन होऊन उच्च शिक्षणही उर्दूतून देण्याचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा तर फोकानियाचा सारा अभ्यासक्रम त्या विद्यापीठाच्या दाराकडे तोंड करूनच उभा राहिला. एका भारतीय भाषेतून विज्ञान आणि वैद्यक शिकविण्याचा तो प्रयोग स्वतःपुरता धाडसी होता यात संशय नाही. पण ज्या प्रजेच्या घरात मराठी, तेलुगू किंवा कानडी बोलली जाई तिच्या मुलांवर त्या धाडसाचे ओझे पडले, आणि घरी ओवी ऐकणारा व शाळेत उर्दू इबारत घोकणारा विद्यार्थी पुष्कळदा दोन्हीकडे अर्धाच राहिला. तथापि न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्या शाळांतून बाहेर पडलेल्या पिढीच्या अर्जांत, निकालपत्रांत आणि दप्तरी टिपणांत जो नेमकेपणा आढळतो तो पुढच्या पिढ्यांत क्वचितच दिसतो.

खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची मंजुरी लागे, आणि ती सहजी मिळत नसे. सभा-संमेलनांवर निर्बंध घालणारी 'गश्ती निशाण ५३' ही कुप्रसिद्ध गश्ती याच काळातली. असे असूनही ज्या थोड्या राष्ट्रीय शाळा या मुलखात उभ्या राहिल्या त्यांचे ऋण लहान नाही. सध्याच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या आडगावी व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ साली राष्ट्रीय शाळा काढली. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, तेथे मुख्याध्यापक म्हणून रुजू झाले. १९३५ मध्ये ते मोमिनाबादला, आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी नूतन विद्यालयात आले आणि १९३८ मध्ये शाळा सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरले. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा सर्वाधिकारी शाळामास्तर असावा हा योगायोग नव्हे. जेथे सभा भरविता येत नाही तेथे वर्ग भरविता येतो, हे त्या मंडळींनी अचूक हेरले होते. १९३८ च्याच अखेरीस वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठाच्या आणि औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर कारवाई झाली, आणि त्यांतील कित्येकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. शाळेच्या पाट्या बदलावयास वेळ लागला नाही. शिकविण्याची भाषा बदलणे मात्र जिकिरीचे होते. ज्या शिक्षकाने आयुष्यभर बीजगणित उर्दूतून शिकविले त्याने ते एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मराठीतून शिकवावे, अशी ती अपेक्षा होती. विद्यार्थ्यांचीही गत वेगळी नव्हती. आरंभ उर्दूत आणि मॅट्रिक मराठीत अशी मिश्र पिढी त्या संधिकाळात निर्माण झाली. या काळात हायस्कूलचे गावातील स्थान काय होते याची कल्पना आजच्या वाचकास येणे कठीण आहे. नांदेडला पहिले महाविद्यालय, पीपल्स कॉलेज, निघाले ते १९५० साली, स्वामीजींच्याच प्रेरणेने. लातूरला दयानंद महाविद्यालय आले १९६१ साली. आणि मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली ती १९५८ साली. म्हणजे तोवर या गावांत हायस्कूल हीच विद्येची सर्वोच्च पायरी होती, आणि मॅट्रिक झालेला मुलगा पुढे शिकणार म्हणजे औरंगाबाद किंवा हैदराबादची गाडी धरणार, हे ठरलेले असे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. निजामी अमदानीतून वारशाने आलेली सरकारी हायस्कुले या नव्या संस्थांच्या हवाली झाली. याच सुमारास मुदलियार आयोगाच्या शिफारशींना अनुसरून काही हायस्कुले बहुउद्देशीय करण्यात आली. पुस्तकी विषयांच्या जोडीला शेती, तंत्र किंवा वाणिज्य शिकवावे, ही कल्पना. नांदेडच्या वजिराबादेतील मल्टिपर्पज हायस्कूल हे नाव त्या योजनेची आठवण आजही वागवीत आहे. योजना कधीच विरली, पण त्या शाळेचे मैदान मात्र सभांना, प्रदर्शनांना आणि क्रिकेटला उपयोगी पडले.

प्रशालांच्या बरोबरीने खाजगी संस्थाही वाढत होत्या. नांदेडच्या प्रतिभा निकेतन हायस्कुलात नरहर कुरुंदकर पीपल्स कॉलेजात जाण्यापूर्वी कित्येक वर्षे शिक्षक होते. ज्यांच्या व्याख्यानास पुढे उभा महाराष्ट्र गर्दी करणार होता ते गृहस्थ त्या काळी शाळकरी मुलांच्या वह्या तपाशीत होते. कंधारला भाई केशवराव धोंडगे यांनी श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी उभी करून मन्याड खोऱ्यातील शेतकऱ्या-गुराख्यांच्या पोरांना शाळेची वाट दाखविली. 'मोफत' हा शब्द संस्थेच्या नावातच घालण्याचा धोंडगेशाही रोखठोकपणा इतरत्र सापडावयाचा नाही. गुराखी साहित्य संमेलन भरविणाऱ्या पुरुषास तो शोभतोही. उदगीरचे श्यामलाल स्मारक विद्यालय १९३८ साली बिदरच्या तुरुंगात मरण पावलेल्या आर्यसमाजी हुतात्म्याचे नाव धारण करते, आणि त्या शाळेचा विद्यार्थी प्रवेशाच्या अर्जावरच मुक्तिसंग्रामाचा पहिला धडा गिरवितो.

अभ्यासक्रमाची हकीकत थोडक्यात आटोपता येईल, कारण ती सर्व महाराष्ट्रात सारखीच आहे. जुनी अकरावीची मॅट्रिक १९७५ मध्ये संपली आणि दहावीची शालान्त परीक्षा आली. प्रशालेचे काही विशेष मात्र सांगण्यासारखे आहेत. कित्येक गावी मराठी व उर्दू या दोन्ही माध्यमांचे वर्ग जिल्हा परिषदेनेच चालविले. धर्माबाद-बिलोली-देगलूरच्या सीमेवर घरी तेलुगू किंवा कानडी बोलणारी मुले मराठी माध्यमात बसली. त्यामुळे मधल्या सुट्टीत ऐकू येणारी बोली ही कोणत्याही एका व्याकरणात न बसणारी, पण सर्वांस समजणारी असे. भाषाशिक्षक तिला नावे ठेवीत आणि घरी गेल्यावर तीच बोलत.

वर्षाचे वेळापत्रकही इथल्या मातीचे आहे. जूनमध्ये शाळा उघडते, पण खरी हजेरी पेरण्या आटोपल्यावरच भरते. पोळ्यानंतर लवकरच १७ सप्टेंबर येतो. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या दोन दिवसांवर देशाचे भागते, मराठवाड्याच्या शाळेस मात्र ध्वजारोहणाचा हा आणखी एक दिवस आहे, आणि प्रभातफेरीत स्वामी रामानंद तीर्थांचा जयजयकार करीत जाणाऱ्या मुलांना हा सण उर्वरित महाराष्ट्रात नसतो याची बहुधा कल्पनाही नसते. दिवाळीनंतर क्रीडास्पर्धांचे दिवस. कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल हे येथील मैदानाचे खरे मानकरी, कारण त्यांना चेंडू, जाळी आणि खांब यांपलीकडे सामग्री लागत नाही, आणि कबड्डीला तर तीही नाही. मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, आणि तिला लागूनच लातूरकडे वेळ अमावास्या येते. त्या दिवशी सारा जिल्हा भज्जी आणि आंबिलाची मडकी घेऊन शेतात जातो. शाळा उघडी ठेवून उपयोग नाही हे शहाणपण प्रशासनासही उमगलेले असल्यामुळे स्थानिक सुट्टी जाहीर होते.

पुढे स्नेहसंमेलन. त्याला सर्वजण गॅदरिंगच म्हणतात. लेझीम, एखादी एकांकिका, शेतकरी गीत, आणि ज्या मुलाने वर्षभर वर्गात तोंड उघडले नाही त्याने अचानक केलेले अण्णा किंवा तात्या मास्तरांचे हुबेहूब सोंग, असा त्याचा थाट असतो. बालवीरांची 'खरी कमाई', एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षा, राष्ट्रभाषेच्या परीक्षा, विज्ञान प्रदर्शन, आणि सुवाच्य अक्षराच्या दोन-तीन मुलींच्या जिवावर निघणारे हस्तलिखित, ही प्रशालेची आणखी काही अंगे. सहली कंधारच्या किल्ल्यावर, खरोशाच्या लेण्यांत, हत्तीबेटावर, किंवा पैसे जमले तर माहूर आणि सहस्रकुंडला जात. मार्च लागला की उन्हापायी सकाळची शाळा सुरू होते आणि दहावीची मुले रात्री कंदिलाखाली, पुढे विजेखाली, शाळेतच अभ्यासाला मुक्काम करीत. त्या अभ्यासिकांना शुल्क नसे; एखादा अविवाहित शिक्षक तेथेच झोपे, एवढीच व्यवस्था.

परंतु नांदेड-लातूरचे नाव शिक्षणाच्या संदर्भात आज महाराष्ट्रात निघते ते या प्रशालांमुळे नव्हे, तर दोन 'पॅटर्न'मुळे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने आणि त्यामागोमाग इतरांनी जादा तास, सततच्या चाचण्या आणि प्रश्नपत्रिकांचा सराव यांच्या बळावर बारावीच्या गुणवत्ता याद्या काबीज केल्या. तोच लातूर पॅटर्न. त्यानंतर वैद्यकीय प्रवेशाच्या आशेने सर्व महाराष्ट्रातून मुले लातूरला येऊ लागली आणि उद्योग भवनाच्या परिसरात शिकवण्यांची एक स्वतंत्र वसाहतच उभी राहिली. नांदेडने दिलेला पॅटर्न याच्या अगदी विरुद्ध जातीचा. जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी तेथे कॉपीमुक्त परीक्षांची मोहीम चालविली. निकालांची टक्केवारी घसरली, पुष्कळ संस्थाचालकांचे चेहरे उतरले, पण जे उत्तीर्ण झाले ते आपल्या बळावर झाले. पाठोपाठ पटावरील विद्यार्थी प्रत्यक्षात आहेत काय याचीही मोजदाद नांदेडात झाली, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवसांची पटपडताळणी होऊन कागदावरचे विद्यार्थी लाखांनी उघडकीस आले. एकाने गुण कसे मिळवावेत हे शिकविले, दुसऱ्याने ते खरे आहेत काय हे विचारले. माझे मत विचाराल तर दुसऱ्या पॅटर्नची महाराष्ट्राला अधिक गरज होती, आणि त्याचाच विसर अधिक लवकर पडला.

या दोन्ही गदारोळांत प्रशाला मागे पडली. ऐपतदार पालकांनी मुले इंग्रजी माध्यमाकडे वळविली. शिक्षकांची पदे निवृत्तीनंतर रिकामी राहू लागली. जी मुले राहिली ती बहुतांशी शेतमजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची. तरी एक गोष्ट घडली आहे आणि तिचे श्रेय सरकारी योजनेस निःसंकोच द्यावे: मुलींना बारावीपर्यंतचे शिक्षण मोफत झाले, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी गाड्या खेड्यांतून त्यांना हायस्कुलापर्यंत आणू लागल्या, आणि ज्या फोकानियाच्या वर्गात पूर्वी मुलगी शोधावी लागे तेथे आज मुलींचे बाक गच्च भरलेले असतात.

आता एक विनंती. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींच्या शोधार्थ मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे तपासावयास घेतली, तेव्हा शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे कपाटांतून बाहेर निघाली आणि उर्दू व मोडी वाचणारांची एकाएकी टंचाई भासू लागली. वारसा, जात, जन्मतारीख यांचा पुरावा म्हणून प्रवेश-निर्गम उतारा मागावयास लोक आजही प्रशालेच्या दारी येतात. मात्र ज्या वहीतून तो उतारा निघतो ती वही कसर, ओल आणि गळके छप्पर यांच्या स्वाधीन आहे. वाचकांपैकी जे कोणी अशा एखाद्या प्रशालेचे माजी विद्यार्थी असतील, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत मुख्याध्यापकांची गाठ घ्यावी, रजिस्टरे पुन्हा बांधून घेण्याचा आणि त्यांची छायाचित्रे काढण्याचा खर्च उचलावा, आणि गावात उर्दू वाचणारे कोणी वृद्ध शिक्षक हयात असतील तर त्यांना सोबत घेऊन जावे.