गल्लीच्या मालकीचा फुटबॉल

करवीरचे वार्तापत्र

भात निघाले की वैशाखरे, टोकावडे, मुरबाड, शहापूर या पट्ट्यातली खाचरे मोकळी होतात आणि त्यांत दोन खेळ रंगतात : कबड्डी आणि टेनिस बॉलचे क्रिकेट. मंडळांच्या जर्सी निघतात, ढालींच्या स्पर्धा भरतात, समालोचक लाऊडस्पीकरवरून गावोगावच्या पोरांची नावे पुकारतो. फुटबॉलची गाठ पडते ती चार वर्षांतून एकदा, विश्वचषकाच्या वेळी, तीही टीव्हीवर. अशा मुलखातला माणूस कोल्हापुरात उतरला, की हे आपलेच महाराष्ट्र राज्य ना, असा प्रश्न त्याला पडतो. इथे शाळकरी पोरे गल्लीत फुटबॉल मारत असतात. चहाच्या गाड्यावर कालच्या सामन्यात पेनल्टी द्यायला हवी होती की नको, यावर तावातावाने बोलणे चालू असते, आणि स्थानिक दैनिकांच्या क्रीडापानावर पहिला मान पेठेच्या संघांचा असतो.

कोल्हापूर हा एके काळी खरोखरच वेगळा मुलूख होता. १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत करवीर संस्थानाचा कारभार स्वतंत्र होता. मुंबईत आणि पुण्यात फुटबॉल आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला आणि पहिली कितीतरी वर्षे तो लष्करी संघच आपसांत खेळत होते. कोल्हापुरात या खेळाला आश्रय मिळाला तो राजघराण्याचा. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. सगळे शहर तिला ‘केएसए’ म्हणते. आजही संस्थेची सूत्रे छत्रपती घराण्याकडेच आहेत. सामने होतात त्या स्टेडियमलाही याच घराण्यातल्या शाहू महाराजांचे नाव आहे.

पण राजाश्रयाने खेळ सुरू होतो, टिकत नाही. कोल्हापूरचा फुटबॉल टिकला तो तालमींमुळे.

तालीम म्हणजे काय, हे मुरबाडकडच्या वाचकाला नीट सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या व्यायामशाळेपेक्षा ती बरीच मोठी गोष्ट आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आधार दिला, त्यातून या शहरात पेठापेठांत, गल्लीगल्लीत तालमी उभ्या राहिल्या. आत लाल मातीचा हौदा. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू कालवलेले. आत पाऊल टाकले की आधी तो वास येतो. कोपऱ्यात मारुती. बाहेर कट्टा, आणि कट्ट्यावर संध्याकाळी जमणारी म्हातारी-तरुण मंडळी. गणपती तालमीचा, शिवजयंतीची मिरवणूक तालमीची, कितीतरी ठिकाणी मोहरमचे पंजेही तालमीतच बसतात. दोन्ही सण एकत्र आले त्या वर्षी गणपती आणि पंजा एकाच मांडवात बसवणाऱ्या तालमी या शहराने पाहिल्या आहेत. गल्लीतले भांडण तालमीत मिटते, कुणाच्या घरी मयत झाली तर पहिली धावून येतात ती तालमीची पोरे.

अशा तालमीने फुटबॉलचा संघ काढला, तेव्हा तो संघ आपोआप सगळ्या गल्लीचा झाला. नावेच बघा : पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम मंडळ, उत्तरेश्वर पेठेतली वाघाची तालीम. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, जुना बुधवार पेठ, फुलेवाडी. केएसएच्या वरिष्ठ गटात १६ संघ खेळतात, आणि शहराच्या नकाशावर यांतले बहुतेक संघ हाकेच्या अंतरावर आहेत. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांची ईर्षा तर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पाटाकडील आणि बालगोपाल मंगळवार पेठेतले, शिवाजी तरुण आणि खंडोबा शिवाजी पेठेतले. मामा या पेठेत, भाचा त्या पेठेत, अशी घरे कितीतरी आहेत, आणि सामन्याच्या दिवशी मामा-भाचे स्टेडियमच्या दोन वेगळ्या टोकांना बसतात.

पावसाळा सरून थंडी पडली की मोसम उघडतो आणि पुढच्या पावसाच्या आत संपतो. आधी केएसएची साखळी स्पर्धा, मग एकामागून एक चषक : महापौर चषक, सतेज चषक, अटल चषक. दिवसाला बहुधा दोन सामने, एक दुपारी दोनचा, दुसरा चारचा. मोठा सामना चारचा.

तीन वाजताच स्टेडियमकडे येणाऱ्या रस्त्यांवर दुचाक्यांची रीघ लागते. मागे बसलेल्याच्या हातात तालमीचा झेंडा. दगडी पायऱ्यांवर प्रत्येक तालमीची जागा ठरलेली असते, ती कुणी लिहून दिलेली नाही पण कुणी चुकत नाही. हलगी वाजू लागते. संघ मैदानात येतात, तेव्हा बरेच खेळाडू वाकून मातीला हात लावतात आणि तो कपाळाला टेकवतात, आखाड्यात उतरताना पैलवान करतो तसाच. मग सामनाभर पायऱ्यांवरून सूचना चालू राहतात. ‘मार की मर्दा’, ‘लांबून मार’, ‘माणूस सोडू नको’. सूचना देणाऱ्यांत स्वतः या मैदानावर खेळलेले पन्नाशी-साठीचे लोक असतात, त्यामुळे त्यांचे बोलणे बहुधा बरोबरही असते. बरोबरी झाली तर टायब्रेकर, आणि त्यात तर एकही माणूस बसलेला दिसत नाही. सामना संपल्यावर सामनावीर निवडला जातो, आणि आणखी एक बक्षीस दिले जाते ते ‘लढवय्या’ खेळाडूला. हरलेल्या संघातला पोरगाही जीव तोडून खेळला असेल तर त्याला मान मिळावा, ही कुस्तीच्या गावाची रीत फुटबॉलमध्ये आली आहे, आणि ती फार चांगली रीत आहे.

हा पोरगा दिवसभर काय करतो? कुणी फौंड्रीत आहे, कुणी दुकानात, कुणी कॉलेजात, कुणी रिक्षा चालवतो. सकाळी सराव, दिवसा काम, दुपारी सामना. बूट, जर्सी, बाहेरून आणलेल्या खेळाडूंचे मानधन यांचा खर्च तालीम वर्गणीतून, पेठेतल्या व्यापाऱ्यांकडून, पुढाऱ्यांकडून गोळा करते. गोव्यातले, अगदी आफ्रिकेतले खेळाडूही कोल्हापुरात येऊन पेठेच्या घरांत राहून गेले आहेत. अशा बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर केएसए मर्यादा घालते, आणि ती योग्यच आहे. पैसेवाल्या तालमीने अकराच्या अकरा बाहेरून आणले, तर गल्लीतल्या पोराने बूट घालायचे कशासाठी?

गल्लीच्या मालकीची किंमत कळायची असेल तर बाकीच्या महाराष्ट्राकडे आणि शेजारच्या गोव्याकडे बघावे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. पुण्यात डीएसके शिवाजीयन्स आला आणि गेला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१४ला सुरू झाला, २०१९ला संपला. गोव्याचा साळगावकर २०१०-११चा आय-लीग विजेता. २०१६ मध्ये त्याने राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. या सगळ्या संघांत उत्तम खेळाडू होते, जाणते प्रशिक्षक होते. मालकाचे गणित जुळेनासे झाले, आणि हजारो चाहत्यांना कुणी विचारलेही नाही. पाटाकडील तालीम कोण बंद करणार? तिचा ताळेबंद कुठल्या कचेरीत नाही. एका पिढीने बूट काढले की पुढची घालते.

व्यायामशाळेच्या पोटी फुटबॉल जन्मावा, हे फक्त कोल्हापुरातच घडले असेही नाही. युरोपच्या मध्यावर चेक लोकांचा छोटा देश आहे. तो ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या अमलाखाली असताना १८६२ साली मिरोस्लाव तिर्श आणि यिंद्रिख फ्युग्नर या दोघांनी प्राग शहरात ‘सोकोल’ नावाची व्यायाम चळवळ उभारली. सोकोल म्हणजे ससाणा. शरीर कमवायचे, शिस्त शिकायची आणि आपण एक राष्ट्र आहोत हे विसरायचे नाही, असा तिचा बाणा. गावोगाव तिच्या इमारती झाल्या. तिथे कसरत, नाटके, नाच, सभा, सगळेच होई. नाझींनी १९४१ मध्ये चळवळीवर बंदी घातली, तिच्या पुढाऱ्यांना छळछावण्यांत धाडले. १९४८ नंतर कम्युनिस्ट राजवटीने ती सरकारी क्रीडासंघटनेत मुरवून टाकली. १९९० मध्ये ती पुन्हा उभी राहिली. आजही चेक खेड्यांतले कितीतरी फुटबॉल संघ ‘सोकोल’ आणि पुढे गावाचे नाव एवढ्यावरच ओळखले जातात. शनिवार-रविवारी गावच्या मैदानावर जिल्हा पातळीचा सामना असतो आणि प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईबाप, शेजारी आणि जुने खेळाडू.

त्याच देशात पोलंडच्या सीमेजवळ ओस्त्रावा हे कोळशाचे आणि पोलादाचे शहर आहे. तिथला संघ १९२२ साली स्थापन झाला. पुढे त्याने ‘बानीक’ म्हणजे खाणकामगार हे नाव घेतले. १९७६, १९८०, १९८१ असे तीनदा त्याने चेकोस्लोव्हाकियाचे विजेतेपद मिळवले आणि २००४ मध्ये चेक लीगही जिंकली. दरम्यान १९९४ साली ओस्त्रावा शहरातल्या खाणींतून कोळसा काढणे थांबले. खाणी गेल्या, खाणकामगारांचा संघ राहिला, कारण तोवर तो खाणीचा न राहता शहराचा झाला होता. याच संघातून पुढे आलेला मिलान बारोश २००४च्या युरो स्पर्धेत पाच गोल करून सर्वाधिक गोल करणारा ठरला, २००५ मध्ये लिव्हरपूलबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकला आणि खेळाडू म्हणून शेवटचे दिवस पुन्हा बानीककडेच काढून २०२० मध्ये निवृत्त झाला.

कोल्हापूरच्या पोराला अशी वाट अजून सरळ मिळत नाही, आणि इथे या शहराने स्वतःला काही प्रश्न विचारायला हवेत. २०१७ मध्ये भारत पहिल्यांदा फिफाच्या विश्वचषकात खेळला, सतरा वर्षांखालील. त्या संघात कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव होता. निखिल कदम मोहन बागानपर्यंत पोहोचला. पण अनिकेत घडला तो लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेल्यामुळे. तालमीत राहिलेला तेवढ्याच ताकदीचा पोरगा पेठेत नायक होतो, त्याचे फलक लागतात, आणि तिशीत त्याचा खेळ संपतो तेव्हा हाती नोकरी नसते. प्रशिक्षण, आहार, दुखापतीनंतरची देखभाल यावर जेवढा पैसा जायला हवा, त्यापेक्षा जास्त बाहेरच्या आघाडीपटूवर आणि बक्षीस समारंभाच्या मांडवावर जातो.

दुसरा प्रश्न ईर्षेचा. तिच्यामुळे पायऱ्या भरतात, आणि तिच्यामुळेच दगडही येतात. समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळे सामने अर्ध्यावर थांबले आहेत, स्पर्धा गुंडाळाव्या लागल्या आहेत, पोरांवर गुन्हे दाखल झाले आहेत. विशीतल्या मुलाच्या नावावर असा गुन्हा लागला की पोलीस भरती, लष्कर, पासपोर्ट, सगळ्याला खीळ बसते. गल्लीतले भांडण मिटवण्याचे वजन असलेली तालीम स्टेडियममध्ये आपल्या पोरांना आवरू शकत नाही, हे पटत नाही. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी मनावर घेतले तर एका मोसमात फरक पडेल.

मुलींचे मात्र वेगळेच चित्र आहे. कोल्हापूरच्या मुलींचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये, म्हणजे देशाच्या सर्वांत वरच्या महिला स्पर्धेत, खेळून आला आहे. पुरुषांच्या तालीम संघांपैकी एकाही संघाला अजून देशाच्या सर्वांत वरच्या लीगपर्यंत पोहोचता आलेले नाही. तालमीचा हौदा बायकांना बंद होता, त्यामुळे मुलींना सुरुवातीपासून शाळा, मैदान आणि प्रशिक्षक यांच्या वाटेनेच यावे लागले. आता काही पेठांत मुलींच्या सरावालाही बघे जमतात.

वैशाखऱ्याहून कुणाला हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर एसटीने कल्याण गाठावे. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस कल्याणला थांबते आणि सकाळी कोल्हापूरला पोहोचवते. जानेवारी ते एप्रिल हे महिने चांगले. स्थानकाबाहेर कुठल्याही रिक्षावाल्याला आज सामना कुणाचा, एवढे विचारले तरी तो वेळ सांगेल, दोन्ही संघांची बलस्थाने सांगेल, आणि तो स्वतः कुठल्या पेठेचा आहे तेही स्टेडियम येईपर्यंत कळलेले असेल.